ऑफिसातला सिगारेटचा धूर: बोलायचं कसं?

"मी आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही, तरी घरी गेल्यावर ओढणीला तोच वास येतो. आता दिवस गेलेत, बाळाला काही होईल का? आणि बोलले तर नोकरी टिकेल का?" भोसरीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलिंग बघणारी ती तरुणी एका दमात बोलली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) अशी तक्रार घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेकांना धुरापेक्षा या शेवटच्या प्रश्नाचीच धास्ती असते.

खोली लहान, एसीमुळे खिडक्या कायम बंद. मालक आणि सगळे ज्यांना काका म्हणतात ते मॅनेजर, दोघेही टेबलावरच ओढायचे. काकांनी तिच्यासाठी मुद्दाम पंखा आणून दिला होता. माणूस चांगला, पण उपाय चुकीचा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो आणि पंख्याने धूर फक्त या टेबलावरून त्या टेबलावर जातो.

बाळाबद्दल मी काही लपवलं नाही. गरोदरपणी असा धूर सतत नाकात गेला तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. पण धोका वाढणं म्हणजे नुकसान झालंच असं नाही. डॉक्टरांना हे सांगा आणि मागच्या महिन्यांसाठी स्वतःला दोष देऊ नका, एवढं तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

कायदा तर तिच्याच बाजूचा आहे. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे नियम खाजगी ऑफिसलाही लागू आहेत. ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड होतो. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव फलकावर हवं, आणि त्याने तक्रारीकडे दुर्लक्ष केलं तर दंड त्यालाही. ॲशट्रे ठेवायलासुद्धा मनाई आहे. स्मोकिंग रूमची मुभा विमानतळांना आणि मोठ्या हॉटेल-रेस्टॉरंटना आहे, अशा ऑफिसला नाही.

तिला निनावी पत्र टाकायचं होतं. पाच-सहा जणांच्या ऑफिसात निनावी काय राहणार? त्यापेक्षा काकांशी आधी एकट्याने बोलायचं ठरलं. आम्ही ते बोलणं इथेच करून पाहिलं. पहिल्या खेपेला प्रत्येक वाक्यात "सॉरी" येत होतं, ते काढलं. उरलं एवढंच: "काका, डॉक्टरांनी धुरात बसायला मनाई केलीय. उद्यापासून ओढायचं ते बाहेर जाऊन ओढाल का? साहेबांशीही तुम्हीच बोला, तुमचं ते ऐकतात." नाहीच ऐकलं, तर हेच तारीख घालून मालकांना ईमेल करायचं, नियमाचा उल्लेख करून. लेखी पुरावा हाताशी असला की पुढे तक्रार करायलाही आधार राहतो.

काकांनी लगेच ऐकलं. सिगारेट सोडायची म्हणून तिच्याकडून 1800-11-2356 हा मोफत क्विटलाइनचा नंबरही घेतला. मालकांना वेळ लागला. पावसाळ्यात ते पुन्हा दारात उभे राहून ओढायला लागले, धूर थेट आत. तेव्हा मला काही न विचारता तीच त्यांच्याशी बोलायला गेली.