वाचनाची आवड आहे म्हणून ग्रंथालयातली नोकरी धरावी का?

तुमचा प्रश्न असा: बी.ए. झालंय, कागलला राहता, कोल्हापुरातल्या एका 'अ' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात निर्गम सहायक (काउंटरवर पुस्तकांची देवघेव करणारा) म्हणून घ्यायला तयार आहेत, वाचनाची आवड आहे. तर ही नोकरी धरावी का आणि पुढे काही होतं का. मी हेच काम कोल्हापुरात २०१८ पासून करते. ग्रंथालयाचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिथंच आहे.

आवडीचं आधी मिटवून टाकू. मुलाखतीत मीही हेच सांगितलं होतं. तेव्हा समितीतले एक काका हसून म्हणाले, "मग आता ती सुटेल बघा." अगदी सुटली नाही, पण वाचायची पद्धत बदलली. कामाच्या वेळेत पुस्तक उघडून बसता येत नाही. आता मी मलपृष्ठ, अनुक्रमणिका, पहिली आठ-दहा पानं आणि शेवट एवढं बघते आणि पुस्तक कुणाला द्यायचं ते ठरवते. अख्खं पुस्तक वाचून होतं ते रविवारी, घरी, तेही धुणं-भांडी आटोपली तर.

पगाराच्या आधी वेळ विचारून घ्या. आमच्याकडे सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. गावात राहणाऱ्याला हे सोयीचं. मी दुपारी एका वकिलांकडे टायपिंग करते, घर त्यावर चालतं. पण तुम्ही कागलहून येणार. दिवसातून दोनदा एस.टी. करणार की दुपारचे सहा तास कोल्हापुरात काढणार? माझ्याबरोबर लागलेला एक मुलगा पन्हाळ्याकडून यायचा. दुपारभर अभ्यासिकेत झोपायचा, चार महिन्यांत सोडून गेला. काम त्याला आवडत होतं, दुपार आवडत नव्हती.

आता पगार. मला लागताना साडेतीन हजार होते, आज सहा हजार आठशे आहेत. आकडा वाचून तुम्ही इथंच थांबलात तरी मला राग नाही. पण तो इतका का, हे कळलेलं बरं, कारण लोक समजतात की ग्रंथालय म्हणजे सरकारी. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं संस्थांची आहेत. सरकार त्यांना १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता देतं, अ-ब-क-ड असे वर्ग पाडतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान देतं. आपण नोकर संस्थेचे, सरकारचे नव्हे. त्यामुळे वेतनश्रेणी नाही. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, पेपरात मोठ्या बातम्या आल्या. 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांचं ४८ हजार झालं. त्यातले साधारण निम्मे पगारावर घालायचे असतात. म्हणजे त्या दरानं गावातल्या 'ड' वर्गाच्या ग्रंथपालाला अनुदानातून महिन्याला दोन हजार. 'अ' वर्गाला पैसे जास्त मिळतात, पण तिथं वाटून घेणारी माणसंही जास्त: ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक, शिपाई. शिवाय अनुदान हप्त्यांनी येतं, आणि हप्ता लांबला की पगार लांबतो. मी सलग तीन महिने उसनवारीवर काढलेत.

याच कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. हिंदुस्थानातला तो पहिला. मद्रासचा आला १९४८ ला. शेजारी कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर बसवला. आपल्या १९६७ च्या कायद्यात तसला उपकर ठेवलाच नाही. कर्नाटकातल्या निपाणीची एक मैत्रीण मला हे दर भेटीत ऐकवते. मी तिला १९४५ ऐकवते. पगार तिचाच जास्त आहे.

काम कसं असतं ते सांगते. आठला कुलूप निघायच्या आधी पायरीवर पाच-सहा आजोबा उभे असतात. पेपर त्यांना आधी लागतात, आणि 'पुढारी' दैनिक कुणाच्या हातात पहिलं पडतं यावर खरोखर भांडणं होतात. म्हणून आम्ही पानं सुटी करून लाकडी स्टँडला लावतो. शब्दकोड्याचं पान रोज कुणीतरी हळूच फाडून नेतं. आठ वर्षांत तो माणूस सापडलेला नाही. मग झाडणं, कपाटं पुसणं. शिपाई रजेवर असेल तर ते तुमच्याकडं. मग आलेली पुस्तकं तपासायची, पानं सुटलीत का, हळदीचे डाग पडलेत का, मधे एस.टी.चं तिकीट, लाइट बिल, एकदा तर कुणाच्या मुलीची पत्रिका राहिलीय का बघायचं, आणि पुस्तकं जागेवर लावायची. जागेवर म्हणजे खरोखर जागेवर. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच. शिकताना तुम्हाला दशांश वर्गीकरण शिकवतील, मराठी कादंबरीचा अंक ८९१.४६३ पाठ करून घेतील. इथं कादंबऱ्या लेखकाच्या आडनावावर लागतात, कारण वाचक आडनावानं मागतो. किंवा तेवढंही नाही. "ते लाल पुस्तक ओ, मागच्या उन्हाळ्यात नेलं होतं बघा, त्यात एक मामलेदार असतोय." हे पुस्तक शोधून द्यायचं असतं. सहा महिन्यांत जमायला लागतं.

२५ जूनच्या संध्याकाळी शाळकरी पोरांची झुंबड उडते. दुसऱ्या दिवशी शाहू महाराजांची जयंती, भाषण उद्या आणि आठवण आज. सगळ्यांना एकच पातळसं चरित्र हवं असतं, नि ते पहिल्यानंच नेलेलं असतं. मी आता वहीत १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, वसतिगृहं असं लिहून ठेवलंय. ती वही काउंटरवर ठेवते, पोरं उभ्या उभ्या उतरून घेतात.

आणि दिवाळी अंक. मराठीतला पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन' मासिकानं १९०९ साली काढला, तेव्हा त्यांना काउंटरवरच्या माणसाची कल्पना नसणार. अंकांसाठी आमच्याकडं वेगळी वर्गणी असते. अंक आले की आधी दाभण आणि दोऱ्यानं शिवायचे, कारण पिना दोन वाचकांतच निघतात. मग जाड कव्हर, शिक्का, दाखल. आणि पहिल्या दिवशी ऐंशी सभासदांना तेच चार अंक हवे असतात. "माझ्यासाठी बाजूला ठेवा" म्हणणारे वीस जण तरी भेटतात. त्यात समितीतलेही असतात. मी बाजूला काही ठेवत नाही, चिठ्ठ्या घेते आणि क्रमानं देते. पहिल्या वर्षी या एका गोष्टीवरून माझी तक्रार अध्यक्षांपर्यंत गेली होती. तक्रार गेली, चिठ्ठ्या राहिल्या.

आता माझी एक चूक सांगते, कारण या कामात काय शिकायचं असतं ते मला तिच्यातून कळलं. लागून महिना झाला असेल. कादंबऱ्यांच्या एका कपाटात मला दिसलं की पुष्कळ पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा आहेत. पान ५१ च्या आकड्याखाली टिंब. काहींत पान २१ वर छोटा त्रिकोण. काहींत शेवटच्या पानावर 'सु'. पुस्तकात लिहू नये हा नियम भिंतीवर लावलेला. मी नवी आणि उत्साही. खोडरबर घेऊन दोन दुपारी बसले आणि सत्तरएक पुस्तकं स्वच्छ केली. ग्रंथपाल सर रजेवर होते, नाहीतर वाचले असते.

पुढच्या आठवड्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा पुस्तक घेऊन आले, पान ५१ उघडलं, बघितलं, परत ठेवलं. दुसरं उघडलं. मग तिसरं. मग काउंटरवर आले. "ताई, खुणा कुणी पुसल्या?" मी अभिमानानं म्हटलं, मी. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अहो, माझं बारा वर्षांचं वाचन पुसलंत की ओ तुम्ही." तेव्हा उजेड पडला. टिंब म्हणजे हे आपण वाचलंय. वय झालं की नावं, मुखपृष्ठं लक्षात राहत नाहीत, पुस्तक घरी नेऊन चाळीस पानांवर कळतं की अरेच्चा, वाचलंय. म्हणून प्रत्येकाची ठरलेली खूण. त्रिकोण एका निवृत्त बाईंचा होता. 'सु' कोण ते अजून कळलं नाही. पुसल्यानंतर त्या किंवा ते आलेच नसावेत, किंवा काही बोलले नसावेत.

मी मग जुन्या देवघेव नोंदवह्या काढल्या. आजोबांचा सभासद क्रमांक धरून दोन-अडीच महिने रोज अर्धा तास मागं मागं जात त्यांनी नेलेल्या पुस्तकांची यादी केली. दोन वर्षांच्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या, तेवढी भरता आली नाहीत. यादी दिली तर म्हणाले, "यातलं निम्मं आमच्या मंडळींनी वाचलंय, मी नव्हे." आता आमच्याकडं संगणक आहे, कोण काय घेऊन गेलं ते एका बटणावर दिसतं. तरी आजोबा टिंब देतात. मी खोडत नाही.

दुसरं शिकले ते २०१९ च्या पुरात. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत शिरायला लागलं तेव्हा हातात तासभर होता. मी कादंबऱ्या उचलायला धावले. सर ओरडले, "आधी दाखल नोंदवह्या!" वेड्यासारखं वाटलं. पण बरोबर होतं. कुठलं पुस्तक कधी आलं, किती किमतीचं, कुणी दिलं हे त्याच वहीत. ती गेली तर काय बुडालं हेसुद्धा सांगता येत नाही, निर्लेखन, म्हणजे गेलेली पुस्तकं नोंदीतून रीतसर कमी करणं, करता येत नाही, तपासणीला दाखवायला काही उरत नाही. पाणी उतरल्यावर आठवडाभर पंख्याखाली पानांमध्ये जुने पेपर घालत बसलो. साध्या खरखरीत कागदाची जुनी पुस्तकं बरीच वाचली. गुळगुळीत कागदाच्या अंकांच्या मात्र विटा झाल्या, पानं सुटलीच नाहीत. बुरशी तिसऱ्या दिवशी धरते, हे तेव्हा कळलं.

पुढचं विचारलंत, त्याचं उत्तर शिक्षणावर आहे. आधी ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून टाका. मग बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी. शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे. नोकरी करत करायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करता येतं, मी तिथूनच केलं. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं असेल तर एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, तिथला पगार खरा पगार. शासकीय ग्रंथालयांतल्या जागांच्या जाहिराती अधूनमधून येतात, त्यावर डोळा ठेवा. आमच्यातले दोघे असे बाहेर पडले. सार्वजनिक ग्रंथालयात राहून वर चढायचं म्हणाल तर माझ्यावरचे सहायक ग्रंथपाल ४६ वर्षांचे आहेत आणि तब्येतीनं उत्तम आहेत.

म्हणून माझं मत: एकट्या याच पगारावर जगायचं असेल तर धरू नका. दोन वर्षं बी.लिब. करत, दुपारी दुसरं काही करत, हाताला सवय लागावी म्हणून धरणार असाल तर जरूर धरा. कॉलेजात शिकून आलेल्या पोरांना मी बघते, वर्गांक चटकन सांगतात, पण समोरच्या माणसाला काय हवंय ते दहा वाक्यं बोलूनही काढून घेता येत नाही. ते फक्त काउंटरवर येतं.

होकार द्यायच्या आधी नेमणुकीचा लेखी आदेश देणार का, ते विचारा. तोंडी नेमणुकीची पुढे अनुभव म्हणून कुठं गणना होत नाही. पगार नुसता अनुदानातून येतो की संस्थेला दुकानगाळ्याचं भाडं, अभ्यासिकेची फी असं स्वतःचं उत्पन्न आहे, हेही विचारा. दुसरं असेल तर पगार वेळेवर होतो. अभ्यासिका कुणाच्या अंगावर आहे तेही बघा. स्पर्धा परीक्षेची पोरं चांगली असतात, निकाल लागला की पेढे आणतात, पण पंख्याखालची जागा आणि चार्जिंगचा पॉइंट यावरची त्यांची भांडणं सोडवण्यात संध्याकाळ जाते, आणि ते काम बहुतेक ठिकाणी नव्या माणसाच्या गळ्यात पडतं.

आणि धुळीनं शिंका येत असतील तर तसं आधीच सांगा. माझ्या ड्रॉवरमध्ये मास्क आहेत, ते कोरोनाच्या आधीपासूनचे.