साखरपाण्याची चाचणी लावताना

उंदराला गोडाची पसंती आहे का, ते बघणारी ही चाचणी. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत 1 टक्का सुक्रोज, म्हणजे साखर. दिसायला सोपं, पण आकडे बिघडतात ते इथेच. उंदीर नव्या चवीला बिचकतो, म्हणून आधी 48 तास दोन्ही बाटल्यांची सवय होऊ द्या. मग 24 तास कुठलं किती प्यालं ते मोजा आणि मध्येच, 12 तासांनी, बाटल्यांची अदलाबदल करा. काही उंदीर चव न बघता एकाच बाजूला पितात. पिंजऱ्यात एकच उंदीर हवा, नाहीतर कोण किती प्यालं ते कळणार कसं?

बाटली उलटी केली की सुरुवातीचे थेंब गळतातच. ते गळू द्या, मगच वजन करा. एका रिकाम्या पिंजऱ्यालाही बाटल्या लावा, तिथली घट ही गळती. ती वजा करा. साखरपाणी ताजंच घ्या, शिळं आंबतं.

एकूण पिण्यात सुक्रोजचा वाटा 50 टक्क्यांच्या आसपास आला तर पसंती नाही. पण डोपामिन हे मेंदूतलं आनंदाचं रसायन मानलं जातं म्हणून लगेच ‘डोपामिन कमी’ असं लिहून मोकळे होऊ नका. बेरिज आणि रॉबिन्सन या मेंदू-संशोधकांच्या प्रयोगांत डोपामिन जवळजवळ संपलेले उंदीरसुद्धा गोडाला जीभ बाहेर काढून दाद देत होते, मात्र अन्नासाठी धडपडत नव्हते. ती धडपड मोजायची तर दाबल्यावर बक्षीस देणारी तरफ लावा, दर बक्षिसामागे दाबण्याची संख्या वाढवत न्या आणि उंदीर कुठे थांबतो ते नोंदवा.