ऊसतोडवाल्यांकडे जाण्याआधी

पहिल्यांदाच ऊसतोड मजुरांच्या सर्व्हेला निघालास ना? मग बॅनर होस्टेलवरच ठेव. बीड, धारूर, वडवणीकडची माणसं दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात. गाठायचं तर त्याआधी, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतात तेव्हाच. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी धरतात, हिशेब मात्र नवऱ्याच्या नावावर. म्हणून मावशींना वेगळं विचार: उचल किती, फिटली किती, खाड्याचे, म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसांचे किती कापले? मजूर नेणाऱ्या मुकादमासमोर नको, उत्तर त्याच्याकडे बघूनच येतं. पहिल्या वर्षी मी तीच चूक केली, वर त्याचा चहाही प्यायलो! गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पहिल्याच भेटीत काढू नकोस. 2019 मध्ये तो गाजल्यापासून विचारणारे खूप येऊन गेलेत. ग्रामसेवकाकडून (आता ग्रामपंचायत अधिकारी) ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मिळालं नसेल तर अर्ज तूच लिहून दे, पोच घे. पोरं मागं राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचं शाळेत आधीच विचारून ठेव.