केव्हा यायचं ते सांग

बाळा,

एकटीनं जेवायला गेलीस, पुस्तक उघडलंस, कानांत इयरफोन घातलेस, तरी वेटर येतच राहिला. शेवटी 'नको म्हटलं ना!' म्हणून खेकसलीस आणि पुढचा घास गोड लागला नाही. 'काका, यासाठी काही खूण असते का हो?' असं विचारतेस. नसते. खुणांच्या नादी लागूच नकोस.

काटा-सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवली की जेवण झालं, फाकवून ठेवली की अजून चालू आहे, एवढं हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवतात. पण त्यावरून ताटली उचलायची की नाही एवढंच कळतं. शिवाय तुला वाढणारा पोरगा बहुधा त्या कॉलेजात गेलेलाच नसतो. तो ओडिशातून नाहीतर नेपाळातून आलेला असतो, दुसऱ्याचं बघून शिकलेला. इयरफोन दिसले की त्याला वाटतं, हिला ऐकू येणार नाही, जरा जवळ जाऊन विचारावं.

म्हणून माझं एकच सांगणं. येऊ नको म्हणू नकोस, केव्हा ये ते सांग.

नुसत्या 'नको'चं आपल्याकडे काय होतं ते तू पंगतीत पाहिलंयस. पहिलं 'नको' म्हणजे संकोच, दुसरं म्हणजे लाज. ताटावर आडवा हात येईपर्यंत वाढपी जिलबी पुढे करतच राहतो. थाळीची हॉटेलं याच आग्रहावर चालतात. तुझ्या 'नको'तून त्या पोराला 'अजून एकदा विचार' असंच ऐकू येतं. केव्हा यायचं ते सांगितलंस तर मात्र ते काम होतं, आणि सांगितलेलं काम तो विसरत नाही.

ऑर्डर देतानाच सांग. इयरफोन काढ, त्याच्या तोंडाकडे बघ आणि म्हण, 'दादा, सगळं एकदमच आणा, पाण्याची बाटली इथंच ठेवा. मला जरा वाचायचंय, काही लागलं तर मी हात करीन.' मराठी कळत नसेल तर हिंदीत सांग. उडप्याकडे अण्णा म्हण. चुटकी नको, 'शुक शुक' नको. आणि हात करीन म्हणालीस तर खरंच कर, नाहीतर पुढच्या वेळी तो कुणाच्याच शब्दावर थांबणार नाही.

पहिल्या दोन घासांनंतरची त्याची एक फेरी मात्र सोसायचीच. मी हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, असताना पोरांना या फेरीसाठी पाठवायचोच, आणि त्यावर आजही ठाम आहे. मीठ जास्त पडलंय, भलतीच डिश आलीय, हे कळायची वेळ तीच. अर्धी ताटली संपल्यावर बदलून कोण देणार? आमची ती फेरी म्हणजे भोचकपणा नव्हता. तेव्हा मान वर करून 'छान आहे, आता बिल मागेन तेव्हाच या' म्हण. बघ, इथंही केव्हा ते सांगितलंस.

मला सलतं ते वेगळंच. वैतागलेली माणसं आम्हाला कधी बोललीच नाहीत. गप्प जेवायची, बिल भरायची, परत यायची नाहीत. मग मालक 'टेबलाकडे लक्ष नाही' म्हणून पोरांना झापायचा आणि पोरं आणखी फेऱ्या मारायची. माझ्या हाताखालची चांगली पोरं यापायी नोकरी सोडून गेली. गिऱ्हाइकानं एक वाक्य बोलायचं होतं, बाई! तुझ्यासारख्या शिकल्यासवरल्या मुली ते बोलत नाहीत आणि मग मला खुणा विचारतात, याचा राग येतो.

रविवारी दुपारी दाराबाहेर रांग असेल तर यातलं काही मागू नकोस, तो हक्क तेव्हा नाही. दुपारी तीननंतर जा. किचनच्या दारापासून आणि पाण्याच्या काउंटरपासून लांबचं टेबल माग. जाता-येता नजर पडली की पोरगा वळतोच.

टिपचंही सांगतो. सर्व्हिस चार्ज बिलात सक्तीनं लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी त्या उचलून धरल्या. म्हणजे किती द्यायचं ते तुझ्या हातात आहे. तासभर जो फिरकला नाही, त्याला त्यापायी कमी देऊ नकोस. लांब उभा राहून तो तुझ्या हाताकडे लक्ष ठेवून होता, आणि ते उभं राहणं फेऱ्या मारण्यापेक्षा अवघड असतं.

कॉफी सांगतानाच 'बिलही सोबत आणा' म्हण आणि लगेच पैसे चुकते कर. मग कॅप्टन निर्धास्त होतो आणि गर्दी नसेल तर तुला कुणी उठवत नाही. टिप रोख दे, त्याच्याच हातात. स्कॅन करून दिलेली मालकाच्या खात्यात जाते, तिथून त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

तुझा,
काका