2 कप मैदा म्हणजे नक्की किती ग्रॅम?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन रेसिपीतलं कपाचं माप ग्रॅममध्ये कसं करायचं, आणि मागचे दोन्ही केक घट्ट का झाले. काटा घेतलात ते उत्तम केलंत. घट्टपणाचा माझा पहिला संशय मैद्यावर आहे.

मी एकदा एकाच कपाने, एकाच डब्यातला मैदा तीनदा मोजला. आधी चाळून, चमच्याने हलकेच कपात टाकून वरून सुरीच्या पाठीने सपाट केला: 118 ग्रॅम. मग न चाळता तसाच चमच्याने भरला: 129. शेवटी आपण नेहमी करतो तसा कप थेट डब्यात खुपसला आणि वर जरा दाबला: 151! म्हणजे 2 कपांच्या केकमध्ये साठेक ग्रॅम मैदा जास्त, जवळजवळ अर्धा कप. मग केक दगड नाही होणार तर काय?

अमेरिकन रेसिपीत मैद्याचा कप 120 ते 125 ग्रॅम धरा. रेसिपी लिहिणारीने स्वतः ग्रॅम दिले असतील तर मात्र तिचेच आकडे घ्या, कारण काही जणी कप खुपसूनच भरतात आणि 140 लिहितात. साखरेला दाबादाबीचा त्रास नाही, कप 200 ग्रॅम. पिठीसाखर 120 च्या आसपास. लोणी किंवा बटर 227. तिकडे 'एक स्टिक' लिहितात ती अर्ध्या कपाची, 113 ग्रॅम; आपलं 100 ग्रॅमचं पाकीट म्हणजे एक स्टिक समजू नका. शिवाय आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, ते वापरलंत तर वरचं मीठ घालू नका. तेल 215-220, मध तब्बल 340.

रेसिपी ऑस्ट्रेलियातली असेल तर कप 250 मिलीचा असतो, अमेरिकन 240 चा. खरा घोटाळा मोठ्या चमच्याचा: ऑस्ट्रेलियात तो 20 मिली, बाकी बहुतेक ठिकाणी 15.

आता आपली वाटी. आईच्या वहीत '2 वाट्या रवा' असतो, पण वाटी कुठली? रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. माझी स्टीलची वाटी 160 ची निघाली. त्याला मैद्यासाठी 0.5 ने गुणा, साखरेसाठी 0.83 ने, रव्यासाठी साधारण 0.7 ने. म्हणजे माझ्या वाटीत मैदा 80 ग्रॅम. नानकटाईसारख्या पदार्थात सगळंच एका वाटीने मोजलेलं असेल तर हा खटाटोप नको, प्रमाण आपोआप जुळतं. अंडी किंवा ठरावीक आकाराचा टिन मध्ये आला की गडबड सुरू होते.

बेकिंग पावडर, सोडा मात्र काट्यावर मोजू नका. एक-एक ग्रॅम दाखवणारा घरगुती काटा 2-3 ग्रॅमला हमखास फसतो. तिथे 5 मिलीचा मापाचा चमचाच घ्या, तोही सपाट. चहाचा चमचा नको, माझ्याकडच्या दोन सेटमधले चमचेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

पुढचा केक 240 ग्रॅम मैद्याने करून बघा आणि कळवा. तरीही घट्ट झाला, तर मैदा घातल्यावर किती वेळ फेटता तेही लिहा.