इंजिन खोलण्याआधी पुरावा: जुन्या गाडीचा दोष आणि विक्रेत्याची जबाबदारी

प्रश्न : मी हडपसर भागातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून 2013 सालची पेट्रोल गाडी 2 लाख 85 हजार रुपयांना घेतली. ‘इंजिन सीलपॅक आहे, एकदाही खोललेले नाही’ असे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले होते. एकोणिसाव्या दिवशी दिवे घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि गाडी टो करून धनकवडीच्या गॅरेजमध्ये आणावी लागली. एक मेकॅनिक हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधील सील) गेल्याचे सांगून 42 हजारांचा खर्च सांगतो, तर दुसरा आधी थर्मोस्टॅट (कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवाह नियंत्रित करणारी झडप) बदलून पाहू म्हणतो. विक्रेता म्हणतो की तो केवळ मध्यस्थ आहे आणि पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिलेले आहे. इंजिन खोलून घ्यावे की आधी तक्रार करावी?

उत्तर : इंजिन तूर्त खोलू देऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गाडीत आज बिघाड आहे हे कोणीही मान्य करील. वाद आहे तो हा बिघाड विक्रीच्या दिवशी होता की नंतरच्या एकोणीस दिवसांत झाला याचा, आणि त्याचे उत्तर त्या इंजिनातच आहे. हेड उतरवून, घासून, नवे गॅस्केट बसवले की गाडी चालू होईल, परंतु आपली बाजू सिद्ध करण्याचे साधन हातातून जाईल. ज्या दोषाची खात्री तपासणीशिवाय होऊ शकत नाही अशी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 38 नुसार जिल्हा आयोगाला आहे. दुरुस्त झालेल्या इंजिनाच्या बाबतीत त्या अधिकाराचा आपल्याला काय उपयोग होणार?

दोन मेकॅनिकांमधील मतभेद आपल्या दाव्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. थर्मोस्टॅट अडकणे हा झिजेचा, कधीही उद्भवणारा आणि थोडक्यात निस्तरणारा बिघाड आहे. त्यावर खटला उभा राहत नाही. हेड गॅस्केटचे तसे नाही. बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत जाणे, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, ऑइल दुधाळ होणे, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे आणि कॉम्प्रेशन चाचणीत (सिलिंडरमधील दाब मोजणाऱ्या चाचणीत) शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे कमी भरणे ही त्याची लक्षणे आहेत. कूलिंग सिस्टिमची दाबचाचणी आणि कॉम्प्रेशन चाचणी हेड न उतरवता करता येतात. त्या परवानाधारक सर्वेक्षकासमोर (वाहनाच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञासमोर) करून घ्या आणि त्याच्याकडून तारीख, किलोमीटरचा आकडा, चासी व इंजिन क्रमांक आणि आढळलेल्या गोष्टी यांसह सहीचा लेखी अहवाल घ्या. गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनही करा. विक्रीपूर्वी जुने कोड पुसले असतील तर ते स्कॅनवरून आता कळणे कठीण आहे, परंतु सध्याचे कोड नोंदवलेले असावेत.

या तपासणीला हजर राहण्यासाठी विक्रेत्याला सात दिवसांची लेखी सूचना पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. तो आला तर उत्तम. न आल्यास ‘माझ्या पश्चात तपासले’ या त्याच्या आक्षेपाला फारसा अर्थ उरणार नाही. त्यानंतर हेड उतरवावेच लागले तर त्या कामाचे छायाचित्रण करा, जुने गॅस्केट टाकून देऊ नका आणि थोडे ऑइल बाटलीत सीलबंद ठेवा. हेडचे बोल्ट पूर्वी फिरवल्याच्या खुणा, कडेला लावलेले सिलिकॉन किंवा आधीच घासलेला हेडचा पृष्ठभाग आढळला, तर ‘एकदाही खोललेले नाही’ हे विधान तेथेच खोटे ठरते.

कारण ते विधान म्हणजे नुसती भलामण नव्हे. ‘गाडी मस्त आहे’ याला कायदा फारसे महत्त्व देत नाही, परंतु इंजिन खोललेले नाही हे तपासून पाहता येणारे तथ्य आहे. ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांनी वस्तुविक्री अधिनियम, 1930 मधील गर्भित अटी (न लिहिताही कराराचा भाग मानल्या जाणाऱ्या अटी) कलम 62 नुसार वगळता येतात, हे विक्रेत्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मात्र स्वतः केलेल्या खोट्या विधानाला त्या शब्दांचे संरक्षण मिळते असे मला वाटत नाही. तो कदाचित असेही म्हणेल की आपण गाडी चालवून पाहिली होती. त्याच अधिनियमाच्या कलम 16 मध्ये तसा अपवाद आहे, पण तो त्या तपासणीत लक्षात यायला हव्या होत्या अशा दोषांपुरताच. सपाट रस्त्यावरच्या छोट्या फेरीत गॅस्केटची गळती सहसा दिसत नाही. घाटाच्या चढावर इंजिनावर भार आला की ती उघडी पडते.

मध्यस्थ असल्याचा बचाव मला दुबळा वाटतो. पैसे कोणाच्या खात्यात गेले आणि पावती कोणाच्या नावाची आहे, ते पाहा. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र लागते आणि मालकाने गाडी ताब्यात दिल्याची सूचना नमुना 29सी मध्ये दिल्यावर तोच गाडीचा मालक मानला जातो. पुणे प्रादेशिक परिवहन कार्यालयात याची चौकशी करा. हीच गाडी आपण एखाद्या शेजाऱ्याकडून घेतली असती, तर कलम 16 चा आधार मिळाला नसता आणि बहुधा दिवाणी न्यायालयातच जावे लागले असते.

आधीच्या मालकाला आवर्जून भेटा, अधिकृत सर्व्हिस सेंटरकडील जॉब कार्ड (केलेल्या कामाची नोंद) मागा आणि टोइंगची पावती जपा. काटा लाल झाल्यावर आपण गाडी पुढे रेटली नाही, हे त्या पावतीवरून दिसते. अन्यथा नुकसान आपणच ओढवून घेतले असा आरोप होईल. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश मूळ फोनमध्येच राहू द्या. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागेल.

मागणी काय करावी, याचा नीट विचार करा. गाडी परत करून सर्व पैसे मागायचे असतील तर ते आजच लेखी कळवा आणि गाडी वापरू नका, कारण वापर चालू राहिला की आपण ती स्वीकारली असे धरले जाते आणि मग केवळ नुकसानभरपाई मागता येते. माझे मत मात्र दुरुस्तीचा खर्च, टोइंग, तपासणीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागावी असे आहे. नव्या गाडीच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये, मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात, वॉरंटीच्या अटी पाहून पूर्ण गाडी बदलून देण्याऐवजी सदोष भागापुरता दिलासा योग्य मानला होता. 2013 सालच्या गाडीला त्याहून अधिक मिळेल ही अपेक्षा मी आपल्याला देणार नाही.

या मागणीची लेखी नोटीस विक्रेत्याला पाठवा आणि तिला पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. आपण पुण्यात राहत असल्यामुळे ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 नुसार ती येथे चालते आणि मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देण्याची घाई मी करणार नाही, कारण तेथे आरंभापासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो आणि सर्वेक्षकाच्या अहवालाआधी तो दाखवणे अवघड आहे.

गाडी ठेवायचे ठरले, तर वादाच्या कारणाने नाव हस्तांतर अडवून धरू नका. ते आपल्या हक्काला बाधक नाही. विमा कंपनीलाही लगेच कळवा; हस्तांतरानंतर चौदा दिवसांत विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा लागतो.