जर्मनीत सहा महिन्यांसाठी घर: आधी एवढंच बघ

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी बसून श्टुटगार्टमधलं घर ठरवायचं म्हणजे धास्ती वाटणारच. पण घर मिळतं, घाबरू नकोस. फक्त घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. मला एका 'घरमालका'ने लिहिलं होतं, मी लंडनला असतो, डिपॉझिट भरा, किल्ली कुरियरने येईल. फोटो सुरेख, भाडं निम्मं. मी पैसे भरायलाच बसलो होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "बडोद्यात असं न बघता घेतलं असतं का?" तिथेच थांबलो.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरती खोली घे आणि घरं तिथे जाऊनच बघ. बघताना विचार:

- भाडं 'काल्ट' की 'वार्म'? काल्टमध्ये हीटिंगचा खर्च धरलेला नसतो. नवखे इथेच फसतात.
- 'आनमेल्डुंग' होईल ना? राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो नाही म्हणाला, तर घर कितीही आवडलं तरी सोड.
- डिपॉझिट किती? काल्ट भाड्याच्या ३ पटींहून जास्त कायद्याने मागता येत नाही.

घर फर्निश्डच घे, रिकाम्या घरात कित्येकदा ओटा-शेगडीही नसते. किल्ली मिळाली की बॅगेतून पोळपाट काढायच्या आधी सगळ्याचे फोटो काढ, शेगडीच्या काचेवरच्या ओरखड्याचासुद्धा.

कराराच्या बारीक अटी आत्ता राहू देत. मसुदा आला की पाठव, वाचून सांगतो.